आईकडून आलेलं

११ फेब्रुवारी

ही डायरी चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीची. दर वर्षी देतात, आणि दर वर्षी मी तिच्यात जुनी बिलं दाबून ठेवते. यंदा लिहायला घेतली, कारण मनातलं बोलायला माझ्याकडे दादाच होता आणि आता बोलायचंय ते त्याच्याचबद्दल.

आज त्याची सोनोग्राफी झाली. महिनाभर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखत होतं. दिवसभर वाकून लोकांचे डोळे तपासायचे, मग बरगडी कुरकुरणारच, असं त्याचं शास्त्र. परवा वहिनी खाली कारखान्यात आली. (दुकानामागची खोली. तिथे मी काचा घासते. यंत्रं दोन आणि मी एक, पण बाबा कारखाना म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणतो.) तिने दादाचा कमरेचा पट्टा माझ्यासमोर धरला. पट्ट्याला नवं भोक होतं. ते त्याने माझ्याच यंत्रावर पाडलं होतं, काचेला भोक पाडायच्या. इतका बारीक झाला आणि आम्हाला पत्ता नाही. माणूस रोज समोर असला की दिसेनासा होतो.

सोनोग्राफीवाला गप्प होता. एरवी ही माणसं निदान "श्वास धरा, सोडा" तरी करतात. याने शेवटी एवढंच विचारलं, "पिता का?"

दादा हसला. हा माणूस सोडा प्यायला तरी ठसकतो.

लिव्हरमध्ये काहीतरी आहे म्हणतात.

१९ फेब्रुवारी

मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. लिव्हरच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसतील. पण समोर बसवून, फोन उलटा ठेवून, नीट सांगितलं.

कॅन्सर आहे. एक गाठ मोठी, बाकी बारक्या. कापून काढता येणार नाहीत, कारण उरलेलं लिव्हरही धड राहिलेलं नाही. दादाच्या रक्तात काविळीचा बी विषाणू सापडलाय, हिपॅटायटिस बी म्हणतात तो, आणि तो बहुधा लहानपणापासून त्याच्या अंगात आहे.

दादा म्हणाला, "मला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही."

"झाली असती तर कळलं असतं," त्या म्हणाल्या. "हा कित्येकदा काही त्रासच देत नाही. लिव्हरमध्ये घर करून राहतो. शरीर त्याच्याशी झगडतं, त्यात पेशी मरतात, नव्या होतात, पुन्हा मरतात. वर्षानुवर्षं ही डागडुजी चालते. त्यातच विषाणूचे तुकडे पेशीच्या गुणसूत्रांत जाऊन बसतात. कधीतरी एखादी पेशी दुरुस्तीत चुकते आणि वाढायची थांबत नाही."

मला एकाच जागी पुन्हा पुन्हा रफू केलेलं कापड डोळ्यांसमोर आलं. सर्दीचा व्हायरस मला माहीत होता. कॅन्सर करणारा असतो हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मी विचारलं, "म्हणजे हा कॅन्सर आम्हालाही लागेल?"

"कॅन्सर लागत नाही, विषाणू लागतो. आणि ज्यांना लागतो त्यांच्यातल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून, नाहीतर जन्माच्या वेळी आईकडून बाळाला. एका ताटात जेवून नाही, मिठी मारून नाही. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या."

वहिनी तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर नुसती गाड्या लावायची जागा होती. तिला हे ऐकवत नसावं.

येताना गाडीत दादा म्हणाला, "त्या बाईंचा चष्मा एका कानावर वर आहे. बघितलास?" मी बघितला होता.

२३ फेब्रुवारी

दादाला शांत झोप मिळावी म्हणून वहिनी शिवणाच्या खोलीत झोपायला लागली आहे. फार विचार करते ती.

सकाळी तिने मला जिन्यात गाठलं. "लग्नाआधी हे बाहेरगावी शिकायला होते, तेव्हा कसे राहायचे?"

"कसे म्हणजे? खोलीवर राहायचा. खाणावळीला कंटाळला की घरी पळून यायचा."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला कसा येईल, वहिनी?"

ती "हं" म्हणाली आणि वर गेली. आजारी माणसाच्या बायकोला काय काय आठवावंसं वाटतं. मी तिला सांगणार होते की तेव्हाही दादा असाच होता, पण खाली गिऱ्हाईक उभं होतं.

भिंगरीला फोन केला. माझी लेक, एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. आता तिसरा महिना लागलाय, म्हणून नवऱ्याने तिला जरा बसवलंय. तिला मामाचं सांगणारच नव्हते, पण आवाजावरून तिने ओळखलं. मग सगळं सांगितलं.

"कुठला व्हायरस म्हणालीस?"

मी सांगितलं. तिने मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं.

"आई, तूही तपासून घे."

"मला काय धाड भरलीये?"

"घे ना. माझ्यासाठी घे."

या दिवसांत तिला हे सांगायलाच नको होतं. पोटुशी बाई सगळं मनाला लावून घेते.

४ मार्च

वहिनीने आईच्या तपासणीचा धोशाच लावला. मी म्हटलं, पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला कशाला टोचायचं, ठणठणीत आहे ती. वहिनी ऐकेना. "आईंचं कळलंच पाहिजे," म्हणाली. स्वतःचं रक्त तिने आधीच दिलं होतं.

शेवटी आईला सांगितलं, साखर तपासायचीय. आई म्हणाली, "मी चहात साखर टाकणं सोडलं तेव्हा तुमची लग्नंही झाली नव्हती." पण हात पुढे केला. बाटल्या भरत होत्या तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

मीही देणार होते. पण दुकानात कुणी नव्हतं, नंतर देईन.

९ मार्च

रिपोर्ट आले. वहिनीला तो विषाणू कधीतरी होऊन गेलाय आणि तिच्या शरीराने त्याला हाकलून लावलंय. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा तसंच करतं म्हणे. तान्ह्या बाळाच्या शरीराला तो परका आहे हेच ओळखता येत नाही, म्हणून तो राहून जातो.

आईच्या रक्तात तो आहे. लिव्हर मात्र छान आहे. इतकी वर्षं बाळगून तिचं काही बिघडलं नाही, दादाचं बिघडलं. असं का, याला डॉक्टरीणबाईंकडेही उत्तर नव्हतं. दादाला तो आईकडूनच आला असणार, असं त्यांनी सांगितलं.

वहिनी आईचा रिपोर्ट हातात धरून रडली. खूप रडली, पाठ हलत होती तिची. मग तोंड धुतलं, वर गेली, आणि मी चहा घेऊन गेले तर दादाचा पाय मांडीवर घेऊन त्याची नखं कापत बसली होती. उशीही शिवणाच्या खोलीतून परत आली होती. आईचा रिपोर्ट वाईट आला तर हिचा जीव भांड्यात पडल्यासारखा. मी स्वतः बाई असून मला बायकांचं मन कळत नाही.

दादा म्हणाला, "आईला यातलं काही सांगायचं नाही. विचारलं तर पाण्यातून झालं म्हणायचं."

"पाण्यातून हा होत नाही."

"आईला काय माहीत?"

ठरलं मग.

२७ मार्च

जांघेतल्या नसेतून बारीक नळी घालून थेट गाठीपर्यंत औषध सोडतात आणि गाठीला रक्त नेणारी नस बंद करतात. उपाशी मारायचं तिला. ते काल झालं. आज ताप आणि उचक्या. दादा उचक्यांमध्ये म्हणतो, "कुणीतरी आठवण काढतंय. गिऱ्हाईक असेल, नंबर चुकला म्हणून."

नंबर आता मी काढते. मला यायचं, पण पाठीमागे दादा आहे हे माहीत असताना यायचं. "ही काच बरी की ही?" हे दिवसभर म्हणायचं, आणि दुकान बंद करून मागे जाऊन काचा घासायच्या. पाय सुजल्यासारखे होतात. थकवा जात नाही. झोपून उठले तरी झोपायच्या आधीइतकीच थकलेली असते.

भिंगरीचा फोन, "तपासलंस?" मी म्हटलं, जरा उसंत मिळू दे.

१४ एप्रिल

आईचं वय आता बोलायला लागलंय. हल्ली भाजी चिरत नाही. सुरी धरवत नाही म्हणते. परवा मी सुरी पुढे केली तर हात मागे घेतला, जणू मी तिला विंचू देत होते. जेवायला सगळ्यांच्या नंतर बसते. तिचं ताट आणि पेला वरच्या फळीवर, वेगळे. मी विचारलं तर म्हणाली, "मला माझं सापडतं तिथे."

दादाच्या खाटेपाशी खुर्ची टाकून बसते, पण जरा लांब. पूर्वी डोकं दाबायची त्याचं.

मी रागावलेच आज. म्हटलं, "आई, त्याला बरं वाटेल जवळ बसलीस तर." ती म्हणाली, "बसेन." बसली नाही. म्हातारपणी माणसं लहान मुलांसारखी रुसतात. कशावर रुसलीये ते विचारायलाही अंगात त्राण हवं.

३ मे

घोटाळा झाला. एका शिक्षकांच्या चष्म्यात मी काच तिरपी बसवली. ते आले आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या चष्म्यातून फरशी माझ्या अंगावर येते." काच काढून नवी घासून दिली, पैसे घेतले नाहीत. ते निघताना म्हणाले, "भाऊ कसे आहेत? लिव्हरचं म्हणजे... घेत वगैरे होते का?"

सगळे हेच विचारतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर विचारलंही नाही, नुसती मान हलवली, सगळं माहीत असल्यासारखी. आता प्रत्येकाला व्हायरस समजावून सांगायचा तर दुकानाबाहेर पाटी लावावी लागेल. मी "नाही" म्हणते आणि त्यांच्या चेहऱ्यावर "नाहीच म्हणणार" असं वाचते.

दुपारी दादा वहिनीचा हात धरून खाली आला. तासभर गल्ल्यामागे बसला. एका मुलीला फ्रेम निवडून दिली. "ही नको, हिच्यात तुम्ही रागावलेल्या दिसता. रागावायचं असेल तेव्हा घाला." ती हसली. मला वाटलं, होईल हा बरा.

२० मे

दुसऱ्यांदा औषध सोडलं, पण बारक्या गाठी वाढल्यात. पोटात पाणी होतंय. तिसऱ्यांदा करायचं की नाही यावर डॉक्टरीणबाई "बघू" म्हणाल्या. यांचं "बघू" म्हणजे काय ते आता मला कळतं.

आई भिंगरीच्या बाळासाठी स्वेटर विणत होती. अर्ध्यावर टाकून दिलाय. सुया धुऊन, फडक्यात गुंडाळून कपाटात. मी म्हटलं, "पूर्ण कर की, बाळ काय अर्ध्या स्वेटरात राहणार?" "विकतचा आण. स्वच्छ असतो," म्हणाली. स्वच्छ. जिने आम्हाला विकतचा रुमालही कधी वापरू दिला नाही, ती.

३ जून

दादाला दाखवायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी फाईल बंद केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं राहिलंय." मी दुकानाचं कारण सांगायला लागले तर त्यांनी नर्सला हाक मारली आणि तिथेच माझी बाही वर केली. लहान मुलासारखं धरलं मला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. कित्येक दिवसांत मला कुणी धरलं नव्हतं.

७ जून

माझ्यातही आहे.

घाबरले नाही. सध्या औषधाचीही गरज नाही म्हणाल्या. वर्षातून दोनदा रक्त आणि सोनोग्राफी करत राहायचं, म्हणजे काही उपटलं तर लवकर कळेल. दादाचं कुणी आधी बघितलं असतं तर, असं मनात आलं. ते बोलले नाही.

"तुम्हाला मुलं?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. पोटुशी आहे." म्हटलं, आणि मी काय म्हटलं ते तेव्हा मला ऐकू आलं. तोवर डोक्यात आलंच नव्हतं. आईकडून दादाला, इथपर्यंत मी रोज मनात घोकत होते. माझ्याकडून कुणाला, हा प्रश्न समोर उभा होता आणि मला दिसला नाही. लोकांना लांबचं-जवळचं दिसावं म्हणून दुकान मांडलंय मी.

हॉस्पिटलच्या जिन्यात बसूनच भिंगरीला फोन केला. कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "अगं, माझा रिपोर्ट आला."

"आहे ना?" ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मला आहे, आई. पहिल्या तपासणीतच कळलं. मामाचं कळायच्या आधी."

ती समजावत राहिली. बाळ जन्मलं की लगेच दोन इंजेक्शनं देतात, एक लस आणि एक विषाणूशी लढायची तयार ताकद देणारं. शेवटच्या महिन्यांत तिलाही एक गोळी चालू करतील. मग बाळाला होण्याची शक्यता फार थोडी. सगळं पाठ होतं तिचं. चार महिने ती हे एकटी पाठ करत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू मामाचं करत होतीस, दुकान करत होतीस. त्यात हे कळलं असतं तर तू स्वतःला खात बसली असतीस. म्हटलं, आधी तुझी तू तपासून घे."

घरी कशी आले आठवत नाही. वरच्या फळीवरचं आईचं ताट दिसलं. तिथेच उभी राहिले. सुरी, सुया, लांब टाकलेली खुर्ची.

८ जून

आज दुपारी दुकान बंद ठेवलं. आई मागच्या अंगणात बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसले.

"तुला कधी कळलं?"

तिने कळलं नसल्याचं सोंग केलं नाही. "साखर बघायला एवढं रक्त लागत नाही. मग तुझ्या वहिनीचं तोंड बघितलं, माझ्याकडे बघून आधी हसली आणि मग कानकोंडी झाली. पुढच्या वेळी हॉस्पिटलात तू खाली औषधं आणायला गेलीस तेव्हा त्या पोरीला विचारलं, डॉक्टरणीला. म्हटलं, माझं रक्त आहे, मला सांगायला हवं. सांगितलं तिने."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं जपून लपवत होता. त्याला वाटत होतं, आईला कळलं नाहीये. तेवढं एकच त्याच्या मनासारखं झालं होतं. कशाला मोडायचं?"

"ताटातून लागत नाही, आई. हात लावून लागत नाही."

"माहीत आहे. तेही सांगितलं तिने."

"मग हे सगळं कशाला?"

ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. "काहीतरी करायला हवं ना मला," म्हणाली.

मग मी तिला माझं सांगितलं आणि भिंगरीचं सांगितलं. मला वाटलं होतं ती जवळ घेईल. तिने घेतलं नाही. म्हणाली, "माझ्यावर रागावलीस?"

"नाही."

"मग ती तुझ्यावर रागावली असेल असं का धरून चाललीस?"

मी अंगणातली काडी उचलून मोडत बसले.

"ती नाही रागवायची," आई म्हणाली. "पण तुझ्या मनातून ते जायचं नाही. जाईल असं मी तुला खोटं सांगणार नाही."

आम्ही तिथेच बसून राहिलो. नंतर तिने मला हात दिला, उठायला. मी तिला द्यायचा की तिने मला, असा जरा गोंधळ झाला.

१ जुलै

दादाने आता हॉस्पिटल नको म्हटलंय. डॉक्टरीणबाईंनीही आग्रह केला नाही. दुखण्याची औषधं घरी दिलीत. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, आणि डोळे पिवळे. मी आरशाला कपडा लावणार होते, तो म्हणाला, "राहू दे. रंग बघायचीच सवय आहे."

आईला सगळं माहीत आहे हे मी त्याला सांगितलं. तो हसला, मग डोळे पुसले. आईला बोलावलं. ती आली आणि खुर्ची ओढून अगदी जवळ बसली.

"आई, हे तुझ्याकडून आलं म्हणून तू मनाला लावून घेतलंयस म्हणे. तुला कुणाकडून आलं असेल? तुझ्या आईकडून. तिला तिच्या. यात कुणाचा दोष?"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस," आई म्हणाली. "ती गेली बिचारी."

वहिनीला हसू आवरेना. दादालाही. हसताना त्याचं पोट दुखलं.

आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "दोष नाही, दोष नाही, सगळे तेच सांगताय. नसेल दोष. पण माझ्याकडून आलंय, एवढं तरी माझं राहू दे."

दादाने डोळे मिटून घेतले. "बरं," म्हणाला. "तुझं."

त्यानंतर ती त्याचं डोकं दाबत बसली. संध्याकाळपर्यंत.

२९ जुलै

काल सकाळी दादा गेला. झोपेतून उठलाच नाही. वहिनी चहा घेऊन गेली होती.

काही लिहवत नाही.

६ ऑगस्ट

माणसं भेटायला येतात. खुर्च्या पुरत नाहीत म्हणून दुकानातली बाकं वर आणली. सगळे हळू बोलतात, आणि हळू बोललं की जास्तच ऐकू येतं.

आज दुपारी न्हावी आला होता, ते शिक्षक आले होते, शेजारपाजारचे होते. कोपऱ्यातून कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "वाटायचा नाही हो पिणारा." वहिनीने ऐकलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण गेले कित्येक महिने मी हेच बोलतेय आणि आता माझ्याकडे शब्दच उरले नव्हते.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, आवाज न चढवता, "माझा मुलगा पीत नव्हता. त्याला व्हायरस होता. जन्माच्या वेळी माझ्याकडून गेला. माझ्या रक्तात अजून आहे. हिच्याही आहे." माझ्याकडे बोट केलं. "तुमच्यापैकी कुणाच्या असेल तर तुम्हालाही माहीत नसेल. त्यालाही नव्हतं. रक्त तपासून घ्या."

एका बाईने हातातला पेला हळूच खाली ठेवला. आईने ते बघितलं. "पेल्यातून लागत नाही," म्हणाली. "प्या."

ती बाई प्यायली.

सगळे गेल्यावर वहिनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. वहिनी झोपेत होती तेव्हा आई मला म्हणाली, "हिला त्याच्यावर संशय आला होता, कळलं होतं का तुला?"

मी म्हटलं, "कसला?"

आईने माझ्याकडे बघितलं आणि "काही नाही" म्हणाली. मग तिथे बसल्या बसल्या एकेक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. शिवणाची खोली, दर आठवड्याला, उशी. मी वहिनीच्या झोपलेल्या तोंडाकडे बघत राहिले. तिचा राग आला नाही. कुणाचाच राग येण्याइतकी ताकद नाही.

१९ ऑगस्ट

शिक्षकांनी रक्त तपासून घेतलं. काही नाही निघालं. ते मुद्दाम सांगायला आले. न्हाव्याच्या बायकोचंही तपासून झालं म्हणे. न्हाव्याचं काय ते तो सांगत नाही, पण मोठ्या हॉस्पिटलचा पत्ता मात्र माझ्याकडून लिहून घेऊन गेला.

डोळे तपासायच्या खुर्चीवर मी आता दादाची उशी पाठीशी घेऊन बसते. कंबर धरत नाही नाहीतर.

४ सप्टेंबर

मुलगी झाली. पहाटे जावयाचा फोन आला आणि आम्ही तिघी पहिल्या गाडीने निघालो. आई नको म्हणत होती, मी कशाला, मी कशाला, असं करत सगळ्यात आधी तयार होऊन दारात उभी होती.

आम्ही पोचलो तेव्हा भिंगरी झोपली होती. जावई दाराशीच म्हणाला, "दोन्ही इंजेक्शनं झाली. जन्मल्या जन्मल्या. दोन मांड्यांना दोन. फार रडली." त्याचेच डोळे सुजले होते. पुढचे डोस ठरल्या वेळी द्यायचे, आणि वर्षाची व्हायच्या सुमाराला रक्त तपासायचं. खरं काय ते तेव्हाच कळणार. तोवर वाट बघायची. वाट बघण्यात आता या घराचा हात कुणी धरणार नाही.

भिंगरी जागी झाली. माझ्याकडे बघितलं आणि नुसता हात पुढे केला. मी तो धरला. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, सगळं विसरले. ती म्हणाली, "आई, तू किती वाळलीस गं."

बाळ आधी वहिनीने उचललं. तिने भिंगरीलाही लहानपणी असंच उचलल्याचं मला आठवतं, न घाबरता. मग ती आईकडे वळली. आई मागे सरकली. "राहू दे, तुझ्याकडेच राहू दे. प्रवासातून आलेय मी."

नर्स तिथेच पट्टी बदलत होती. आईने तिला विचारलं, "मी घेतलं तर चालेल?"

नर्सला आमच्या घरचं काय माहीत? तिने मान वर केली नाही. "पणजीने घ्यायचं नाही तर कुणी? खुर्चीत बसून घ्या, म्हणजे झालं."

आई खुर्चीत बसली. वहिनीने बाळ तिच्या हातांत दिलं. आईची पकड घट्ट होती. ती बाळाच्या तोंडाकडे बघत राहिली. भिंगरी तिच्याकडे, आणि मी भिंगरीकडे.

"हिला आपल्याकडून काही जायला नको," आई म्हणाली. "काहीही."

मी वाकून बघितलं. तीस वर्षं माणसांच्या तोंडावर चष्मे बसवतेय, नाक मला कळतं. वर बसकं, खाली रुंद. अशा नाकावरून चष्मा दिवसभर घसरतो. आमच्या घरात सगळ्यांचा घसरायचा, दादाचाही.

"नाक गेलंय," मी म्हटलं.

आईने बाळाला उजेडाकडे धरलं आणि नाक नीट निरखून बघितलं.

"तेवढं चालेल," ती म्हणाली.